सायकल, लुना, मोटारसायकल : मधली पायरी कुठे गेली?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला गाडीचा शिकाऊ परवाना काढायचा असेल तर अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. नमुना १-अ. त्यामुळे आमच्या आष्ट्यात या वयात ज्याला मोटारसायकल शिकायची हुक्की येते, तो सांगलीच्या आरटीओत जाण्याआधी दवाखान्यात येतो. कागदावर सही हवी असते, पण सहीच्या आधी एक प्रश्न असतोच. "मॅडम, जमंल का ओ मला?" विचारणारी कधी मळ्यात राहणारी बाई असते, जिला रोज गावात यायला कुणाची तरी वाट बघावी लागते. कधी आयुष्यभर बिनगिअरची स्कूटर चालवलेले निवृत्त गुरुजी असतात. आणि मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून त्याला कोणती गाडी घ्यावी, हे विचारणारे आईबापही असतात.

या सगळ्यांना मी सांगते, जमेल. पण कसे जमेल हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते. नव्या माणसाला गाडीवर अवघडल्यासारखे का होते, हात का भरून येतात, पाय का लटपटतात, याचे निम्मे उत्तर शरीरशास्त्रात आहे आणि निम्मे दुचाकीच्या इतिहासात. तो इतिहास बऱ्यापैकी आपल्याच भागातून जातो, म्हणून आजचा लेख जरा लांबला तरी वाचा.

सुरुवात सायकलीपासून

आपल्याकडे दुचाकी शिकवण्याचा धंदा कुणी सुरू केला, असे विचारले तर मी किर्लोस्करांचे नाव घेईन. पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी आपल्याला नांगरामुळे आणि पंपांमुळे माहीत आहे. ती वसली १९१० मध्ये. पण त्याच्या बावीस वर्षे आधी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर बेळगावात जे दुकान काढले ते सायकलींचे होते. सायकल ही तेव्हा इतकी नवी वस्तू होती, की नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावी लागे.

यातली गंमत बघा. दोन चाकांवर तोल सांभाळणे तोंडी शिकवताच येत नाही. विमानवाले राइट बंधू मूळचे सायकलवाले. त्यांच्यातल्या विल्बरच्या लक्षात आले होते, की डावीकडे वळताना सायकलस्वार हँडल आधी किंचित उजवीकडे नेतो, त्याने सायकल डावीकडे झुकते आणि मग वळते. तुम्ही कसे वळता, असे विचारले तर पहिल्या फटक्यात कुणालाच ते बरोबर सांगता येत नसे! करत सगळेच होते, कळत कुणालाच नव्हते. कारण हे काम विचार करणाऱ्या मोठ्या मेंदूकडे नाही. ते लहान मेंदूकडे आहे. कानाच्या आतला तोलाचा अवयव, डोळे, आणि घोटे-गुडघे-मान इथून येणाऱ्या संवेदना यांची बेरीज लहान मेंदू सतत करत राहतो आणि स्नायूंना हुकूम देतो. ही बेरीज त्याला ऐकून येत नाही, करून करून येते. थोडा सराव, मग विश्रांती, मग रात्रीची झोप, असे केले की ती पक्की होते. म्हणून दोन तास सलग शिकण्यापेक्षा रोज वीस मिनिटे शिकणे चांगले.

माझ्या पिढीने हे धडे भाड्याच्या सायकलीवर गिरवले. तासावर मिळणारी, आपल्यापेक्षा उंच सायकल. आधी दांडीच्या मधून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवर, आणि खूप दिवसांनी सीटवर. गुडघे फुटायचे, पण वेग असायचा माणसाच्या पळण्याइतका. मोटारसायकल समोर येईपर्यंत लहान मेंदूचा अभ्यास पूर्ण झालेला असायचा. शिकायचे उरायचे ते फक्त यंत्र.

फटफटी कुणासाठी होती?

आणि यंत्र साधे नव्हते. १९५० ते १९७० च्या दरम्यान खेड्यात 'फटफटी' म्हणून जे काही यायचे, ते धडधाकट पुरुषाचे काम होते. बुलेट घ्या. गिअर उजव्या पायात, मागचा ब्रेक डाव्या पायात. किक मारण्याआधी मीटरचा काटा बघायचा, एक छोटी दांडी दाबून इंजिनातली हवा सोडायची आणि मग अंगातला सगळा जोर लावायचा. चुकले तर किक उलटी फिरून नडगीवर बसायची. म्हैसूरला १९६१ पासून बनू लागलेल्या जावाची (पुढे येझदीची) तऱ्हा निराळी. तिचा दांडा एकच, उभा केला की किक आणि खाली पाडला की गिअर, आणि तोही डाव्या बाजूला. १९६२ मध्ये फरीदाबादहून राजदूत आली. १७५ सीसी, दणकट, दुधाच्या किटल्या लटकवायला सोयीची. एका गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की त्याचे पाय पुन्हा अडाणी व्हायचे. ब्रेक समजून गिअर दाबला, असे हमखास व्हायचे.

शहरातल्या मध्यमवर्गाने स्कूटर पसंत केली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या बजाजसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. स्कूटरला पुढे पाय ठेवायला जागा होती, साडी नेसूनही बसता यायचे, पण गिअर डाव्या मुठीत पिळून टाकायचे. इंजिन एका बाजूला असल्याने वजनही एकीकडे. चालू झाली नाही की ती आडवी करायची, हा विधी चाळिशीपुढच्या कुणालाही आठवेल.

१९७३ मध्ये 'बॉबी' सिनेमा आला आणि त्यातली छोट्या चाकांची राजदूत लोकांच्या मनात बसली. गाडी नावालाच छोटी. दिसायला खेळण्यासारखी, पण तिच्या पोटात १७५ सीसीचेच इंजिन होते, आणि बसले की गुडघे पोटाकडे यायचे. छोटी गाडी आणि सोपी गाडी यांत फरक असतो, तो इथे दिसतो.

या काळात गाडीवर कोण नव्हते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. बायका नव्हत्या. कमी उंचीचे, हलक्या अंगाचे पुरुष फारसे नव्हते. ज्याचा पाय जमिनीला नीट टेकत नाही, ज्याच्या पंजात क्लच मावत नाही, त्याला गाडी 'येत नाही' असे म्हणायची पद्धत होती. खरे तर गाडीच त्याच्यासाठी केलेली नव्हती.

लुना

मग १९७२ मध्ये लुना आली. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने इटलीच्या पियाज्जिओची 'चाओ' ही मोपेड परवाना घेऊन इथे बनवायला सुरुवात केली. ५० सीसी, दोन पायडल, गिअर नाही, हाताचा क्लच नाही. पायडल मारून चालू करायची आणि मूठ पिळली की निघाली. पेट्रोल संपले तर सायकलसारखी मारत घरी यायचे, अर्थात दमछाक करत.

आज लुनाची थट्टा होते. डॉक्टर म्हणून मला ती शिकण्यासाठी फार शहाणी वाटते. नव्या चालकाला एका वेळी किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, ते मोजा. तोल, रस्ता, ब्रेक, रेस, क्लच, गिअर. माणसाचे लक्ष एका वेळी इतके नवे काम उचलत नाही. काहीतरी सुटते, आणि बहुधा सुटतो तो रस्ता. लुनाने क्लच आणि गिअर काढून टाकले. तोल सायकलीवर आधीच शिकलेला. मग उरले तीन, रस्ता, ब्रेक, रेस. एवढे कुणालाही झेपते. दोन्ही पाय जमिनीवर टेकत असल्याने भीती निम्मी व्हायची, आणि भीती कमी झाली की मूठ सैल होते, खांदे खाली येतात, श्वास चालू राहतो.

शिक्षिका, परिचारिका, पोस्टमन, विमा एजंट, किराणा दुकानदार असे कितीतरी लोक आयुष्यातल्या पहिल्या इंजिनावर बसले ते लुनाच्या. मागोमाग १९८० मध्ये दक्षिणेतून टीव्हीएस ५०, १९८१ मध्ये बजाजची एम-५०, आणि १९८६ मध्ये एम-८० आली. एम-एटी तर आपल्या ग्रामीण भागाने आपलीच मानली. डाव्या मुठीत गिअर, मजबूत कॅरिअर, वैरणीचा भारा बांधा नाहीतर खताचे पोते टाका. वाळवा तालुक्यातल्या पाणंदींचा चिखल तिने जेवढा बघितला तेवढा पुढच्या कुठल्या गाडीने बघितला नसेल.

तर अशा तीन पायऱ्या होत्या. सायकलीवर तोल, लुनावर इंजिनाचा वेग, एम-एटीवर गिअर. माणूस मोटारसायकलवर बसेपर्यंत त्याच्या शरीराला एकही गोष्ट पूर्ण नवी उरत नसे.

शंभर सीसीच का?

आता जपानकडे बघू. तिथे १९५८ मध्ये होंडाने 'सुपर कब' काढली. नूडल्सचा ट्रे एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने पोऱ्याला चालवता आली पाहिजे, हा तिच्या रचनेमागचा विचार. म्हणून तिला हाताचा क्लच ठेवलाच नाही. ती इतकी चालली की २०१७ पर्यंत तिची संख्या दहा कोटींवर गेली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या सरकारने दुचाकीसाठी परदेशी कंपन्यांशी करार करू द्यायचे ठरवले, पण शंभर सीसीपर्यंतच. म्हणून त्या दोन-तीन वर्षांत आलेल्या बहुतेक इंडो-जपानी गाड्या शंभरच्या. सुझुकी, यामाहा, कावासाकी, आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००. हिचे ९७ सीसीचे इंजिन सुपर कबच्याच कुळातले. चार स्ट्रोकचे असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड गेली, धूर गेला, आणि किक चपलेतल्या पायानेही लागू लागली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि पुढे वीस वर्षे गावोगावी तीच दिसत राहिली.

एका सरकारी मर्यादेने जी शंभर सीसीची गाडी घडली ती योगायोगाने भारतीय अंगाला बरोबर बसली. वजन साधारण ११० किलो, सीट जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आत, हँडल उंच आणि जवळ, पाय ठेवायची जागा जवळजवळ गुडघ्यांच्या खाली. यावर पाठ सरळ राहते, मनगट सरळ राहते, गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडत नाही. मणक्यांच्या दृष्टीने खुर्चीवर बसण्याच्या ही स्थिती सर्वात जवळची आहे. पुढे वाकून बसायला लावणाऱ्या आजच्या देखण्या गाड्यांवर शरीराचे वजन तळहातांवर येते आणि मान वर उचलून धरावी लागते. पंचविशीतल्या मुलांना मानदुखी आणि बोटांना मुंग्या, अशी तक्रार घेऊन येताना मी बघते, तेव्हा औषधाआधी गाडी कोणती आहे ते विचारते.

पायऱ्या गेल्या, घाई राहिली

कायनेटिक होंडाने १९८४ मध्येच बटणावर चालू होणारी बिनगिअरची स्कूटर आणली होती. २००१ च्या सुमारास अॅक्टिव्हा आली आणि तिने घरोघरी तीच सवय लावली. उत्तम झाले. बायकांचे फिरणे तिने खरोखर मोकळे केले. पण याच काळात भाड्याच्या सायकली बंद झाल्या आणि लुना, एम-एटी रस्त्यावरून गेल्या. कायद्यात मात्र जुनी पायरी अजून लिहिलेली आहे. ५० सीसीपर्यंतच्या गाडीला सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. पण पेट्रोलवर चालणारी तेवढी लहान गाडी आता शोरूममध्ये दिसत नाही. म्हणजे पोरगा सोळाव्या वर्षी एकतर घरातली मोठी गाडी चोरून चालवतो, नाहीतर अठराव्या वर्षी वाढदिवसाला थेट दीडशे-दोनशे सीसीवर बसतो. (२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे माहीत नसलेले पालक मला अजून भेटतात.)

पायऱ्या बाजारातून गेल्या, तरी त्या आपल्या अंगणात पुन्हा बांधता येतात. त्यासाठी लागते एक शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, एक मोकळे मैदान किंवा कापणी झालेल्या रानाकडेचा कडक रस्ता, आणि न ओरडणारा शिकवणारा. ही तिसरी गोष्ट सर्वात दुर्मीळ. नवऱ्याकडून शिकू नका, असे मी बायकांना अर्धे गमतीत सांगते. भाऊ, मैत्रीण, शेजारची वहिनी चालेल.

पहिल्या दिवशी इंजिन बंदच ठेवा. गाडी डाव्या बाजूने धरून ढकलत न्या, वळवा, स्टँडवर लावा, काढा. वजन कुठे जाते हे हातांना कळू द्या. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकतात का बघा. टेकत नसतील तर सीटवरचा जाड कव्हर-फोम काढा किंवा दुसरी गाडी बघा, हिंमत वाढवून हा प्रश्न सुटत नाही. मग गाडी चालू करून पहिला गिअर टाका आणि रेस न देता क्लच हळूहळू सोडा. एका ठरावीक ठिकाणी गाडी ओढ घेते. तोच अर्धा क्लच. तिथे थांबा, पुन्हा दाबा. पाय जमिनीवरून चालवत चालवत हे पन्नास वेळा करा. कंटाळवाणे आहे, पण गाडी बंद पडण्याची, झटका बसण्याची, भर चौकात फजिती होण्याची भीती इथेच संपते. लुनाने जे काम आपोआप केले होते ते तुम्ही डाव्या हाताला शिकवत आहात.

पुढचे दोन-तीन दिवस फक्त पहिल्या गिअरमध्ये सुटायचे आणि ब्रेक मारून थांबायचे. दुसरा गिअर त्यानंतर. गिअरची रचना कंपनीप्रमाणे बदलते. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. ज्या गाडीवर परीक्षा द्यायची आणि रोज जायचे, तिच्यावरच शिका.

आरटीओत इंग्रजी आठचा आकडा काढायला लावतात, त्याची लोक कुरकुर करतात. मला ती परीक्षा आवडते. दुचाकी वेगात आपली आपण उभी राहते, खरा तोल लागतो तो हळू चालवताना. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, आणि नजर चाकापुढच्या मातीवर न ठेवता जिकडे जायचे तिकडे. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच.

पुढच्या ब्रेकविषयी आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे, तो दाबला की गाडी पालथी होते. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर सरकते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते आणि थांबायला जास्त अंतर लागते. दोन्ही एकदम, पुढचा लिंबू पिळल्यासारखा वाढवत दाबायचा. झटका द्यायचा नाही, खडीवर किंवा हँडल वळलेले असताना तर नाहीच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला आहे, पण त्याच्या भरवशावर हा सराव टाळू नका. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते.

अंग दुखते ते कशाने

शिकणाऱ्याचे दुखणे बहुधा गाडीचे नसते, मुठीचे असते. भीतीने हँडल आवळले की कोपरापुढचे स्नायू सतत ताठ राहतात, त्यांतला रक्तप्रवाह मंदावतो, बोटांना मुंग्या येतात. मग खांदे कानाला लागतात आणि संध्याकाळी मान धरते. उपाय सोपा आहे. गुडघ्यांनी टाकी धरा, म्हणजे हातांना धरून बसावे लागत नाही. कोपर किंचित वाकलेले ठेवा. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या अशा बसवून घ्या, की बोटे सरळ पडतील आणि मनगट मोडणार नाही. मेकॅनिक हे पाच मिनिटांत करून देतो, पण सांगितल्याशिवाय करत नाही. क्लचची केबल कोरडी असेल तर तेल घालून घ्या, विशेषतः बायकांनी आणि संधिवात असलेल्यांनी. चाकातली हवा महिन्यातून दोनदा बघा. दर धक्क्याला कंबर आखडत असेल तर बसण्याची पद्धत तपासा. माकडहाडावर रेलून बसू नका, मांड्यांवर बसा. पट्टा बांधून गाडी चालवायला सुरुवात करू नका.

दवाखान्यात शिकाऊ चालकांच्या ज्या इजा मी बघते त्यांतल्या बऱ्याच उभ्या गाडीच्या असतात. गाडी कलते, माणूस ती सावरायला जातो, पाय खाली सापडतो. कलली तर सोडून द्या. ११० किलो कुणाच्या हाताने सावरत नाहीत, आणि आरसा दोनशे रुपयांत येतो. पन्नाशीपुढच्या बाईच्या मनगटाचे हाड हात टेकून पडल्यानेही मोडते. दुसरी इजा सायलेन्सरच्या चटक्याची, उजव्या पोटरीला आतून. उतरताना नेहमी डावीकडून उतरा. चटका बसलाच तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको.

डोक्याची गोष्ट

हेल्मेट ही पोलिसांची नाही, डॉक्टरांची कल्पना आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स शर्यतीच्या ट्रॅकवर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोक्याच्या जखमा बघून बघून त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचे शिरस्त्राण बनवून घेतले, आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचे झाले. रस्त्यावर मात्र कुणी घालत नव्हते. मे १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स, दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून उडाला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या मेंदूच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी तिथे कायदा यायला १९७३ उजाडले.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आहे. आणि आकडा असा आहे, की २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेटविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. दुकानात हेल्मेट घेताना आयएसआयची खूण बघाच, पण आत थर्माकोलसारखा जाड थर आहे का हेही चाचपून बघा. वाचवतो तो थर, तो दबतो म्हणून मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. वरचे टोपण वाचवत नाही. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोहोचते.

"शिकताना कशाला, मैदानातच तर आहे," असे म्हणू नका. डोक्यावर ते वजन असताना मान आणि तोल शिकला तर पुढे जड वाटत नाही. नंतर घालायला सुरुवात केली तर वर्षभर मान दुखते म्हणून काढून ठेवले जाते. ओढणी आणि पदर खोचून घ्या, मागच्या चाकाला जाळी आहे का बघा.

सही करण्याआधी मी काही गोष्टी विचारतेच. कधी फिट आली होती का? आली असेल तर लपवू नका, गाडीवर आलेली फिट दोन माणसांचा जीव घेऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी गाडी चालवता का? खिशात गूळ किंवा साखर ठेवा. सर्दीची, खाजेची, झोपेची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी गाडी नको. कूस बदलताना चक्कर येत असेल तर आधी कान तपासू. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्याभोवती वलये दिसतात, म्हणून डोळे आधी, गाडी नंतर.

आणि तारीख बघून सुरुवात करा. पावसाळ्यात कृष्णाकाठची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना लागून डांबरावर येते, तिच्यावर अनुभवी माणूसही घसरतो. गाळपाचा हंगाम सुरू झाला की आष्टा–इस्लामपूर आणि आष्टा–सांगली रस्त्यावर अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे लाल दिवा नसतो, आणि बिघडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने आहे आणि तीस दिवसांनी परीक्षा देता येते. उन्हाळ्यात, कारखाने बंद झाल्यावर, सकाळी सातच्या सुमारास मैदानात जा. रात्री चालवण्याचा सराव पुढच्या वर्षी केला तरी चालेल.